गीत नंबर दोनशे तीन

नागापूर, नगर
रविवार, २२ जून २०२५

प्रिय एडविन अंकल,

सलाम. मी प्रार्थना साळवे, चर्चमध्ये पेटी वाजवते ती. तेवढ्यावर आठवलं नाही तर असं सांगते: जिचं नाव तुम्ही स्वतः अमृतशेठना सुचवलंत आणि ती कंपनीत लागल्यावर चौथ्या दिवशी स्वतः गायब झालात, ती. आठ महिने झाले, तुमचा मोबाईल काही लागत नाही. शेवटी पाळकसाहेबांच्या मागे लागून हा पत्ता काढला. ते म्हणाले, एडविन शेवगावला बहिणीकडे असतो, पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो, फोन ठेवत नाही, पत्र टाक. टाकतेय. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

आधी आभार मानते. तुमच्यामुळे घराजवळ नोकरी लागली, आईचा जीव भांड्यात पडला. आता भांडते.

कंपनी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोल बनवते आणि त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर तुम्ही नऊ वर्षं एकट्याने लिहिलंत. प्रत्येक मशीनचं एक टपल. मला समजलंय ते असं: टपल म्हणजे कप्प्यांचा डबा. कप्पे किती आणि कुठल्या कप्प्यात कुठल्या प्रकारची वस्तू, हे डबा घडवतानाच ठरतं. मागाहून कप्पा वाढवता येत नाही की काढता येत नाही, हवं तर नवा डबा घडवायचा. छोट्या प्रेसच्या डब्यात तीन कप्पे: दाब, तेलाचं तापमान, आणि प्रकाशाचा पडदा, म्हणजे आत कुणाचा हात आला की प्रेस थांबवतो तो. मोठ्या प्रेसच्या डब्यात अकरा. आणि तुमची फंक्शन्स, म्हणजे डब्यावर एकेक काम करणारे कोडचे तुकडे, अशी की डबा तीन कप्प्यांचा असो की अकराचा, तीच चालतात. इथवर मानलं तुम्हाला.

पण अंकल, त्यांची नावं! गीत१८, गीत४७, गीत११०, गीत२०३. अशी एकसष्ट. कुठलं काय करतं याची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. एका अक्षराला धक्का लावला की कोड तपासणारा कंपायलर चुकांच्या चारशे ओळी तोंडावर फेकतो. हे असं कोण लिहितं हो?

आता मुद्द्याचं. मला पुण्यात एम.टेक.ला जागा मिळाली आहे. १४ ऑगस्टच्या आत मूळ कागदपत्रं दाखवायची, नाहीतर जागा गेली. आणि माझी दहावीपासूनची सगळी मूळ कागदं शेठनी रुजू होतानाच ठेवून घेतली आहेत. मागायला गेले तर म्हणाले, "पोरी, मी कुठं अडवतोय? एडविनचं ते सगळं दुसऱ्या कुणाला शिकव. शिकणारा म्हणू दे मला समजलं, त्याच दिवशी कागदं घेऊन जा." दुसरं कुणी म्हणजे संस्कृती, राहुरीची, पंधरा दिवसांपूर्वी लागली. हुशार आहे. पण मलाच येत नाही ते तिला काय शिकवू, कपाळ?

नंबरांची यादी असेल तर पाठवा. नसेल तर आठवून लिहा. मी अडकले आहे, अंकल.

तुमची,
प्रार्थना


शेवगाव
२९ जून

प्रार्थना,

सलाम. पत्र पोचलं. टपलचं तू बरोबर समजली आहेस.

यादी नाही.

सगळी एकसष्ट एकाच युक्तीवर चालतात, ती सांगतो. डब्यातला पहिला कप्पा उचलायचा, जे करायचं ते करायचं. उरला तो एक कप्प्याने छोटा डबा. त्यावर पुन्हा तेच. डबा रिकामा झाला की थांबायचं. म्हणून कप्पे किती आहेत याची पर्वा करावी लागत नाही. हे डोक्यात बसलं की कंपायलरच्या चारशे ओळींतली फक्त पहिली वाचायची, बाकीच्या तिच्या पोटातल्या असतात.

आणि नंबरांचं मला काय विचारतेस? तू पेटी वाजवतेस ना?

माझा पत्ता कंपनीत कुणाला देऊ नकोस. पुन्हा पत्रही नको. फिलोमिना म्हणते, "नगरचं पत्र आल्यापासून तुझं जेवणात लक्ष न्हाई." माझी बहीण प्रत्येक गोष्ट वाढवून सांगते. तरी पण नको.

एडविन


नागापूर
रविवार, ६ जुलै

एडविन अंकल,

नको म्हणालात तरी लिहितेय. शेवगावहून येऊन माझा हात धरणार आहात का?

तुमची ती शेवटची ओळ वाचली आणि मी अक्षरशः उडाले. गायनाचं पुस्तक! फंक्शनला तुम्ही गीतांचे नंबर दिलेत! मी दुसऱ्या दिवशी पुस्तक पर्समध्ये घालून कामावर गेले. गीत १८ उपासनेच्या सुरुवातीचं. कोड बघितला: गीत१८ डब्यातला पहिला कप्पा काढून देतं. गीत ४७ दानाची थैली बाकांवरून फिरते तेव्हाचं. गीत४७ प्रत्येक कप्प्यापाशी जातं आणि सगळ्यांचं मिळून एकच उत्तर गोळा करतं. आणि गीत ११०, नाताळच्या फेरीचं! आपण घरोघर जातो, एका घरी प्रार्थना, दुसऱ्या घरी गाणं, पारधे आजींकडे नुसता चहा. गीत११० प्रत्येक कप्प्यात जाऊन त्या त्या प्रकाराला साजेसं काम करून पुढे सरकतं. मी हसता हसता रडले. शेजारी संस्कृती बसली होती, तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

तिला सांगायला गेले तर ती म्हणते, "ताई, म्हणजे हे शिकायला मला आधी तुमच्या चर्चमध्ये यावं लागेल का?" हसण्यावारी नेलं. पण खरं सांगू? ही गीतं मी अकरावीपासून वाजवते. तिला सहा आठवड्यांत कुठून पाठ होणार? म्हणजे हे वाचू शकणारी या अख्ख्या नागापुरात मी एकटीच, आणि मला हे आजपर्यंत माहीतच नव्हतं.

असो. आता मी रोज आठ-दहा नंबर उलगडते आणि त्याला साधं मराठी नाव लिहून ठेवते. सुरुवातीला प्रत्येकाचा कोड वाचून पडताळत होते. सलग बत्तीस बरोबर आले, मग पडताळणं सोडलं, वेळच नाही. मोठी तर तुमची इतकी गुंतागुंतीची आहेत की एकेकाला दोन दिवस लागतील. नंबर बघायचा, गीत आठवायचं, झालं.

शेठनी मध्येच नवं काम दिलंय. मोठ्या प्रेसला पुढून प्रकाशाचा पडदा आहे, आता मागूनही हवा. म्हणजे मशीनचा डबा आणि नव्या पडद्याचा डबा जोडून एक करायचा. जोडणारं फंक्शन शोधत होते तर गीत२०३ समोर आलं, दोन डबे घेतं. २०३ तर लग्नाचं! दोघांचं एक! तुम्ही पण ना अंकल. तेच वापरतेय, पुढच्या आठवड्यात मशीनवर चढेल.

१४ ऑगस्टला अजून एकोणचाळीस दिवस आहेत. सुटेन असं पहिल्यांदा वाटतंय.

प्रार्थना


शेवगाव
१७ जुलै

प्रार्थना,

२०३ वापरू नकोस. वापरलं असशील तर आजच्या आज काढ. मशीन बंद ठेव, शेठ काहीही बोलू दे.

२०३ लग्नाचं नाही. मातीच्या वेळचं आहे. तू वाजवतेस ते नवं पुस्तक, सहा वर्षांपूर्वी आलेलं. त्यात पहिल्या दीडशेचे नंबर तेच राहिले, पुढचे सगळे हलले. मी लिहिलं ते जुन्या पुस्तकावरून. जुन्या पुस्तकात २०३ म्हणजे गेलेल्याला निरोप. गीत२०३ दोन डबे घेतं आणि दुसऱ्या डब्यात ज्या प्रकारचे कप्पे आहेत, त्या प्रकारचे सगळे कप्पे पहिल्यातून गाळून टाकतं. तू मशीनचा डबा आणि पडद्याचा डबा दिलास तर नवा पडदा लागणार नाहीच, जुनाही जाईल. आणि कंपायलर हूं की चूं करणार नाही, कारण कितीही कप्पे असले तरी चालावं असंच मी ते सगळं लिहिलं आहे.

मी दहा दिवस पाथर्डीकडे बोअरच्या मोटारींच्या कामावर होतो. तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. तुझा नंबर माझ्याकडे नाही, कंपनीचा टाकून दिला. फिलोमिनाच्या मोबाईलवरून पाळकसाहेबांना चारदा लावला, उचलत नाहीत. म्हणून स्पीडपोस्टाने पाठवतोय.

एडविन


नागापूर
सोमवार, २१ जुलै

एडविन अंकल,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. मंगळवारी, पंधरा तारखेला, वाल्मिकचं बोट गेलं.

वाल्मिकभाऊ तुम्हाला माहीत आहेत, तपासणीला मशीन तेच चालवतात. प्रेस चालू झाला, बंद झाला, दाब बरोबर, तापमान बरोबर. स्क्रीनवर सगळं हिरवं. ज्याचा कप्पाच नाही तो लाल कसा होणार? मीच म्हणाले, ओके आहे भाऊ. पत्रा जरा तिरका बसला होता, तो सरळ करायला त्यांनी हात घातला. नऊ वर्षांची सवय, हात घातला की प्रेस थांबतो. थांबला नाही. उजव्या हाताची तर्जनी, मधल्या पेरापासून.

मी दवाखान्यात गेले. मला वाटलं शिव्या देतील. तर म्हणतात, "म्याडम, रडू नका. बोट गेलं, हात हाय की." त्यांची बायको कोपऱ्यात उभी होती, ती मात्र माझ्याकडे बघत नव्हती. मला तिचं न बघणं अजून दिसतं.

शेठना सगळं खरं सांगितलं. चूक माझी, मी पडताळलं नाही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "आता तर तू हलायचं नावच काढू नको. हे जोवर दुसऱ्या माणसाला वाचता येत न्हाई, तोवर तू इथंच." आणि काय चूक आहे त्यांचं? माझ्या जागी दुसरं कुणी बसलं आणि असाच नंबर चुकला तर पुढचा हात कुणाचा?

सकाळी आठला आत जाते, सात वाजता बाहेर येते. दीडशेच्या पुढचे एकोणीस नंबर आहेत आणि आता एकालाही हात लावायची हिंमत होत नाही. जुनं पुस्तक चर्चमध्ये शोधलं, एकही शिल्लक नाही, सगळी रद्दीत गेली. आई म्हणते, एवढं काय, पुढच्या वर्षी जा पुण्याला. पुढच्या वर्षी काय बदलणार आहे?

मला एकच सांगा. पुस्तक बदललं तेव्हा तुम्ही आमच्यातच होतात. दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसून नव्या पुस्तकातून गात होतात. मी २२ जूनला यादी मागितली होती. तुम्ही "पेटी वाजवतेस ना" असं लिहून हात झटकलेत. का?

प्रार्थना


शेवगाव
२४ जुलै

प्रार्थना,

सोबतच्या पार्सलमध्ये जुनं पुस्तक आहे. पेन्सिलीने प्रत्येक गीताच्या बाजूला ते फंक्शन काय करतं ते लिहिलं आहे. एकसष्टच्या एकसष्ट. यादी होती. मी खोटं लिहिलं.

का, ते विचारलंस. सांगतो, पण सफाई म्हणून वाचू नकोस.

कंपनीत लागलो तेव्हा माझ्या शेजारी बन्सी बसायचा. सरळ माणूस. त्याने त्याचं सगळं काम वहीत नीट उतरवून एका नव्या मुलाला शिकवलं. पुढच्या सोमवारी त्याची खुर्ची रिकामी. मी हबकलो. त्या महिन्यापासून मी नावं लिहिणं बंद केलं आणि नंबर घालायला लागलो. माझ्याशिवाय हे कुणाला वाचताच येऊ नये. आणि नाहीच आलं कुणाला. तीन इंजिनिअर आले आणि गेले. शेठ मला नाताळलासुद्धा बोलवायचे. ताप आला तर गाडी पाठवायचे. मला आधी त्याचा अभिमान वाटायचा. पुढे पुढे त्या गाडीचा हॉर्न ऐकला की घाम फुटायचा. घर घेतलं नाही, लग्न केलं नाही, कुठं चार दिवस गेलो नाही. कोंडून घेणारा मी आणि कडी पण आतून मीच लावलेली.

मग तू डिग्री घेऊन आलीस. आख्ख्या नगरमध्ये गीतांचे नंबर पाठ असलेली आणि हे काम शिकलेली तू एकटी होतीस. मी शेठना तुझं नाव दिलं ते तुझ्या भल्यासाठी नाही. माझ्या जागी बसवायला दिलं. तू आभार मानलेस ते पत्र मी चुलीत घातलं, वाचवेना.

पुस्तक बदलल्याचं डोक्यातून निघूनच गेलं होतं, हे मात्र खरं आहे. पण यादी दिली असती तर ते डोक्यात असण्याची गरज पडली नसती. यादी मी दाबून ठेवली कारण माझीही मूळ कागदं शेठकडे आहेत. मला वाटायचं, एक दिवस त्यांचं अडेल, ते माझी कागदं घेऊन इथं येतील, मी पुस्तक देईन. त्या कागदांशिवाय मला कुठं नोकरी नाही. पन्नाशीत मोटारी भरतोय.

आता पुस्तक तुझ्याकडे आहे. त्याच्या बदल्यात स्वतःची कागदं सोडवून घे. माझ्यासाठी काही मागू नकोस. वाल्मिकचं वाचल्यापासून फिलोमिना माझ्याशी बोलत नाही. म्हणाली, "तुझ्या नंबरापायी एका गरिबाचं बोट गेलं व्हय रं?" एवढंच.

एडविन


पुणे
बुधवार, १३ ऑगस्ट

एडविन अंकल,

वर पुणे लिहिलंय ते नीट वाचलंत ना? आज सकाळी कागदं दाखवली. जागा पक्की झाली.

कसं झालं ते सांगते. पुस्तक आलं त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की पार्सल टेबलाखाली ढकलून दिलं. चर्चला गेले तर तिसऱ्या बाकाकडे बघवेना. पण सोमवारी उघडलं. तुमचं अक्षर किती सुंदर आहे हो. शेठशी सौदा वगैरे काही केला नाही. वाल्मिकभाऊंचं बोट समोर असताना सौदा कसला? सरळ पुस्तक घेऊन संस्कृतीशेजारी बसले. नंबर काढायचा, साधं नाव घालायचं, खाली दोन ओळी लिहायच्या, आणि छोट्या डब्यावर चालवून बघायचं. २०३ चं नाव आता "दुसऱ्यातले_प्रकार_गाळा" असं आहे. जोडणारं वेगळं निघालं, १७६. आणि संस्कृतीने स्वतःच्या डोक्याने एक भर घातली: ज्या डब्यात पडद्याचा कप्पा नाही, तो डबा कंपायलरने घ्यायचाच नाही. प्रेस चालणं सोडा, प्रोग्रामच तयार होत नाही. मी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती कळवळली.

आता हे तुम्हाला आवडणार नाही. पण तुम्ही मला खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. नऊ दिवसांत एकसष्ट संपली. आणि चौथ्या दिवशीच संस्कृती म्हणाली, "ताई, मला समजलं. पहिला उचला, उरलेल्यावर तेच करा. बाकी सगळं यातूनच येतं ना?" चौथ्या दिवशी, अंकल. मग तिने शेठसमोर उभं राहून सगळं समजावलं. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच होतं?" मला तुमच्यासाठी फार वाईट वाटलं.

शेठनी माझी कागदं काढून दिली. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी तुमची मागितली. म्हटलं, शेठ, एडविन अंकलची पण द्या, त्यांनी पुस्तक पाठवलंय. त्यांनी टेबलाचा खण ओढला. कुलूप नव्हतं. तुमचं पाकीट वरच पडलेलं होतं, त्यावर तुमचं नाव. म्हणाले, "ही तर केव्हापासून इथंच हायेत. नऊ वर्षांत त्यानं एकदा तरी मागितली का, विचार त्याला. मागितली असती तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि दिली असती. न सांगता गेला, मला तोंडघशी पाडलं, म्हणून तुझी धरून ठेवली. त्याची कोण धरणार?"

पाकीट सोबत रजिस्टरने पाठवतेय. उघडलेलं नाही.

शेठ खोटं बोलत असतील तर तसं लिहा. मला ते खोटं बोलत असलेले हवे आहेत.

प्रार्थना


शेवगाव
१८ ऑगस्ट

प्रिय प्रार्थना,

पाकीट मिळालं. पुण्याचं वाचून डोळे भरून आले, हे आधी लिहितो.

शेठ खोटं बोलत नाहीत. मी कधी मागितली नाहीत.

खणाला कुलूप नव्हतं हेही मला माहीत होतं. त्याच टेबलावर मी रोज चहा प्यायचो. मनात शंभरदा वाक्य जुळवलं, शेठ, माझी कागदं द्या. आणि दर वेळी भीती वाटायची, नाही म्हणतील याची नाही. देतील याची. "घे, जा," म्हणाले तर? मग मी कोण? तुझ्या त्या मुलीला चौथ्या दिवशी समजलं, हे वाचून मला वाईट वाटेल असं तू लिहिलंस. वाटलं. पण चौथ्या दिवशी समजेल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तर नंबर घातले.

दोन दिवस पाकीट फळीवर पडून होतं. आज फिलोमिनाने हातात आणून दिलं, पंचवीस दिवसांत पहिल्यांदा बोलली. "सुटलास ना आता? मग आधी कुठं जायचास?"

मी म्हटलं, वाल्मिककडे.

एडविन